आत्मा निर्विकार, मग रोग कोणाला?

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील ‘कतिधापुरुषीय’ हा पहिला अध्याय पदवी परीक्षेपुरता वाचून बाजूला ठेवला जातो. चिकित्सेत या तत्त्वज्ञानाचा उपयोग काय, असे अनेक वैद्यबंधू विचारतात. स्मृतिभ्रंशाचा वृद्ध रुग्ण समोर बसला की त्याचे उत्तर मिळते, असे आम्हांस वाटते.

या अध्यायात अग्निवेश पुनर्वसु आत्रेयांना पुरुषाविषयी २३ प्रश्न विचारतो. उत्तरात पुरुष तीन प्रकारे सांगितला आहे : केवळ चेतनाधातू, पंचमहाभूते व चेतना मिळून षड्धातुज आणि २४ तत्त्वांचा राशिपुरुष. यांपैकी केवळ आत्मा निर्विकार होय; वेदनांचे अधिष्ठान मन आणि सेंद्रिय देह हे आहे. सुश्रुतांनीही पंचमहाभूते व आत्मा यांच्या समवायालाच चिकित्सेचा विषय मानले आहे.

मग ज्ञान का लोपते? अद्वैत वेदान्तात चैतन्य हे आत्म्याचे स्वरूपच आहे; न्याय-वैशेषिकांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा गुण असून तो मनाच्या संयोगाने उत्पन्न होतो. चरकमते आत्मा ज्ञाता आहे, परंतु मन, बुद्धी व इंद्रिये या करणांच्या संयोगानेच त्याला ज्ञान होते. मलिन आरशात वा गढूळ पाण्यात रूप दिसत नाही, त्याप्रमाणे करणे दूषित झाली की ज्ञान होत नाही. पाहणारा मात्र नाहीसा झालेला नसतो.

‘बाबा आता राहिलेच नाहीत, नुसते शरीर उरले आहे,’ असे नातेवाईक म्हणतात आणि हळूहळू त्या वृद्धाशी बोलणेही थांबते. श्वासोच्छ्वास, पापण्यांची उघडझाप, सुखदुःख, इच्छा व द्वेष ही चरकांनी आत्म्याची लिंगे म्हणून सांगितली आहेत. नावडता घास दूर सारणाऱ्या, ओळखीच्या स्पर्शाने शांत होणाऱ्या रुग्णात ती स्पष्ट दिसतात. म्हणून नाडी पाहण्यापूर्वी वैद्याने त्यालाच नावाने हाक मारावी, पहिला प्रश्न त्यालाच विचारावा.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आहेत. त्यांचे कार्यक्षेत्र करणे हे आहे, आत्मा नव्हे. गेलेली स्मृती परत आणण्याचे वचन दुकानात वा वेष्टनावर देऊ नये. औषधाला मर्यादा आहे. रुग्णाविषयीच्या आदराला ती नसावी.