झेब्रा मासा : त्याचें पालन व त्याची वीण

विद्यार्थ्यांनो, कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस पुष्कळ घरांत दिसते; परंतु महिना लोटतो न लोटतो तोंच त्यांतील बरेच मासे मरतात, आणि पेटी माळ्यावर जाऊन पडते. ह्यांत दोष माशांचा नसून बहुधा पाळणाऱ्याच्या अज्ञानाचा असतो. म्हणून पाळण्यास सोपा व अभ्यासास उपयुक्त असा जो झेब्रा मासा, त्याची थोडी माहिती येथें देत आहें.

हा मासा आपल्याच देशांतील होय. गंगा व ब्रह्मपुत्रा ह्यांच्या खोऱ्यांतील संथ ओढ्यांत व भातखाचरांत तो राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्या वैद्यानें गंगेंतील माशांवर लिहिलेल्या ग्रंथांत १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें. लांबी सुमारें दीड इंच. अंगावर शेपटीपर्यंत गेलेले निळे पट्टे. नर सडपातळ असून त्यावर सोनेरी झांक असते. मादी रुपेरी व पोटानें फुगीर दिसते.

हा थव्यानें राहणारा प्राणी आहे. सबब निदान सहा मासे एकत्र ठेवावे. त्यांस दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी पुरते. मासे उडी मारतात, म्हणून वर झांकण हवेंच. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असल्यास तें पाणी एक दिवस उघड्या भांड्यांत ठेवून मग वापरावें. माशांच्या उत्सर्गापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. वाळूंत व गाळणींत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें रूपांतर सौम्य द्रव्यांत करितात. परंतु ते पुरेसे वाढण्यास कांहीं आठवडे लागतात. ह्यासाठीं प्रथम थोडेच मासे सोडावे, व दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. उपासापेक्षां उरलेल्या अन्नाच्या कुजण्यानेंच अधिक मासे मरतात.

आतां विणीचा प्रकार पाहूं. निराळ्या कांचपात्राच्या तळाशीं खेळण्याच्या गोट्यांचे थर पसरून वर चार-पांच बोटें पाणी ठेवावें, आणि संध्याकाळीं त्यांत एक मादी व दोन नर सोडावे. पहांटे उजेड पडतांच मादी अंडीं टाकूं लागते. हे मासे आपलींच अंडीं खातात. गोट्यांच्या फटींत पडलेलीं तेवढीं वांचतात. म्हणून वीण होतांच मोठे मासे काढून घ्यावे. पांढरीं पडलेलीं अंडीं मेलेलीं समजून काढून टाकावीं. जिवंत अंडीं पारदर्शक असतात. भिंगांतून पाहिल्यास सुमारें एका दिवसांतच आंत हृदयाचें स्पंदन दिसूं लागतें. दोन-तीन दिवसांत पिलें बाहेर येतात व पांचव्या दिवसाच्या सुमारास पोहूं लागतात. तेव्हां उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांतून गाळून अगदीं थेंबभर द्यावा.

ह्याच पारदर्शकतेमुळें शास्त्रज्ञांस हा मासा फार मोलाचा वाटतो. अमेरिकेंतील ऑरेगन विश्वविद्यालयांत जॉर्ज स्ट्रायसिंगर ह्यांनीं त्यावर संशोधन करून १९८१ सालीं महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मनुष्याच्या जनुकांपैकीं सुमारें शेंकडा ७० जनुकांचें प्रतिरूप ह्या माशांत आढळतें, असें २०१३ सालीं दिसून आलें. त्याच्या हृदयाचा कापलेला भाग पुनः भरून येतो, हेंही सिद्ध झालें आहे.

शेवटीं पालकांस एक विनंति. एका विणींत शंभराहून अधिक अंडीं पडूं शकतात. तीं सारीं पिलें जगलीं तर कोणाच्या घरीं जाणार, हें वीण करण्यापूर्वींच ठरवावें. नको झालेले मासे गांवच्या विहिरींत, तळ्यांत किंवा नदींत कदापि सोडूं नयेत. त्यांच्याबरोबर रोग पसरतात, व तेथील मूळच्या माशांचें अन्न हिरावलें जातें. सुटींत परगांवीं जातांना माशांची सोय कोण पाहील, हेंही मुलांकडूनच वदवून घ्यावें. जो जीव आपण पेटींत आणिला, त्यास स्वतःची सोय स्वतः पाहतां येत नाहीं. ती आपणांसच पाहिली पाहिजे.