दिग्दर्शक नेमकं करतो काय? ‘प्रभात’मधला एक पुरावा

कॅमेरा छायाचित्रकार सांभाळतो, कथा लेखक लिहितो, भूमिका नट करतात, गाण्यांना चाली संगीतकार देतो. मग दिग्दर्शकाच्या वाट्याला उरतं काय? दिग्दर्शकांच्या मुलाखती वाचून याचं उत्तर सहसा मिळत नाही. त्यापेक्षा साधी कसोटी अशी, की बाकीची माणसं तीच ठेवावीत, दिग्दर्शक तेवढा बदलावा आणि पडद्यावर काय बदललं ते पाहावं. मुद्दाम जुळवून आणायला हा प्रयोग कठीण. पण पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत १९३६ आणि १९३७ या लागोपाठच्या वर्षांत तो आपसूक होऊन गेला.

१९३६चा ‘संत तुकाराम’ विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला, १९३७चा ‘कुंकू’ व्ही. शांताराम यांनी. दोन्हींचे छायाचित्रकार व्ही. अवधूत, दोन्हींचे संगीतकार केशवराव भोळे, दोन्हींसाठी गीतं लिहिणारे शांताराम आठवले. स्टुडिओ तोच आणि मंडळीही बहुतेक तीच, कंपनीच्या पगारावरची. तरीही एका चित्रपटाची नजर दुसऱ्यात सापडत नाही.

एका गुरूचे शिष्य

फरक शिक्षणातला म्हणावा, तर तेही नाही. हे तिघेही कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडले. पेंटर मुळात चित्रकार. पात्रांची, वेशभूषेची, हालचालींची रेखाटनं आधी कागदावर उतरवायची, ही त्यांची रीत. रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी खोली असलेले सेट उभे केले. त्यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) शांतारामांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली आणि १९३३मध्ये ती पुण्याला आणली.

कंपनीत कामं वाटलेली होती. ध्वनी आणि तांत्रिक बाजू दामलेमामांकडे, कलादिग्दर्शन साहेबमामा फत्तेलालांकडे. दुसऱ्यांच्या चित्रपटांचा आवाज आणि सेट वर्षानुवर्षं सांभाळलेले हे दोघे ‘संत तुकाराम’ करायला बसले, तेव्हा त्यांनी चमत्कारांच्या आधी घर उभं केलं. शिवराम वाशीकरांच्या पटकथेतही खरा ताण देव आणि भक्त यांच्यात नाही. तो नवरा आणि बायको यांच्यात आहे. गौरी यांची जिजाई म्हशीची उसाभर करते, मुलांच्या पोटाची काळजी वाहते आणि मूल आजारी पडलं की पायताण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. समोर विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले गायक नट. त्यांच्या देहबोलीतला मऊपणा दिग्दर्शकांनी पुसला नाही, उलट तोच तुकारामाचा स्वभाव केला. इंद्रायणीतून वह्या वर येतात, शेवटी वैकुंठाचं विमानही येतं. पण त्याआधी आपला या घरावर विश्वास बसलेला असतो, म्हणून विमानावरही बसतो. हा चित्रपट मुंबईत वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

‘कुंकू’तला नकार

असं यश मिळाल्यावर कोणतीही कंपनी त्याच वाटेनं पुढे गेली असती. शांतारामांनी निवडली ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. मामानं फसवून नीराचं लग्न म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून दिलेलं. ती त्या घरात राहते, पण बायको म्हणून त्यांचा स्वीकार करत नाही. विषय स्फोटक होताच. शांतारामांनी त्यावर आणखी एक बंधन स्वतःला घालून घेतलं: चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात ज्याचा उगम आहे, तेवढाच आवाज ऐकू येईल.

कागदावर हे एका ओळीचं बंधन आहे, पण त्यानं प्रत्येक खात्याचं काम बदललं. घड्याळाची टिकटिक हवी, तर भिंतीवर घड्याळ हवं. मग ते शोभेची वस्तू राहत नाही, काकासाहेबांचं वय मोजू लागतं. नीरानं गायचं, तर साथ कुठून येणार? म्हणून दृश्यातच ग्रामोफोन आला आणि लाँगफेलोची इंग्रजी कविता नीरा झालेल्या शांता आपटे त्याच्या साथीनं गातात. रस्त्यावरचा भिकारी गातो, तेव्हा त्याचं गाणं खिडकीतून घरात येऊ शकतं. लेखक, कलादिग्दर्शक, ध्वनिमुद्रक, संगीतकार या सगळ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं: हा आवाज येतोय कुठून?

नटांचा आधारही गेला. दुःखाच्या प्रसंगात व्हायोलिन मदतीला येणार नाही, हे माहीत असताना केशवराव दाते काकासाहेब उभे करतात. आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यांतून स्वतःचाच म्हातारा चेहरा त्यांच्यासमोर येतो. तिथे करुणा जागते ती दात्यांच्या चेहऱ्यामुळे. खलनायक ठरू शकला असता असा माणूस शेवटी आपल्याला दयनीय वाटतो.

माणसांची निवडही या बंधनाला साजेशी होती. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्याचं दिग्दर्शन दात्यांचं होतं आणि संगीत भोळ्यांचं. पल्लेदार संवाद आणि लांबलेली पदं टाळून स्वाभाविक नाटक करण्याची ती धडपड होती. म्हणजे कमी करण्याची सवय या दोघांना आधीपासून होती. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. संततिनियमनाच्या चळवळीत त्या प्रत्यक्ष काम करत. त्या भूमिकेला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

‘कुंकू’ हिंदीतही ‘दुनिया न माने’ म्हणून झाला, दाते आणि शांता आपटे यांनाच घेऊन. तोच प्रसंग दोन भाषांत उभा करायचा, तर कुठे थांबायचं आणि कुठे वळायचं हे दिग्दर्शकाच्या डोक्यात आधीच पक्कं असावं लागतं.

शैली नव्हे, निर्णय

मौन ही शांतारामांची शैली होती, असं मात्र म्हणता येणार नाही. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूच्या डोळ्यानं पडदा व्यापण्यासाठी त्यांनी टेलिफोटो भिंग वापरलं होतं. ‘प्रभात’ सोडून १९४२मध्ये राजकमल कलामंदिर काढल्यावर त्यांनी ‘झनक झनक पायल बाजे’सारखा (१९५५) रंगांनी आणि वाद्यांनी ओसंडणारा चित्रपट केला. त्या थाटामुळे पुढे त्यांच्यावर भडकपणाचा शिक्काही बसला. तो शिक्का मारणाऱ्यांनी ‘कुंकू’ विसरू नये. संगीताचा सोस असलेल्या माणसानं या गोष्टीसाठी ते बाजूला ठेवलं, यातच त्याचं दिग्दर्शन आहे.

दिग्दर्शक एक निर्णय घेतो आणि तो प्रत्येक खात्यात शेवटपर्यंत पाळला जाईल हे पाहतो. दामले-फत्तेलालांचा निर्णय होता, संत दाखवण्याआधी त्याचं घर दाखवायचं. शांतारामांचा होता, उसना आवाज घ्यायचा नाही. बाकी कॅमेरा, चाली, गीतं एकाच घरातली.

‘प्रभात’च्या त्या जागेवर १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे शिकणाऱ्यांनी आणि न शिकणाऱ्यांनीही हे दोन चित्रपट एकापाठोपाठ एक पाहावेत. पुढच्या वेळी एखाद्या चित्रपटाचं दिग्दर्शन चांगलं आहे असं म्हणताना, त्यात दिग्दर्शकानं काय नाकारलं, एवढं जरूर विचारावं.