किक हलकी झाली? आधी डीकॉम्पची केबल बघा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली, ती म्हणजे जुन्या बुलेटच्या डाव्या हँडलवर, क्लचखाली असलेला तो छोटा लिव्हर नक्की करतो काय, आणि त्याची केबल किती ताणायची? आजचा भाग त्यावरच. ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या, पण गाडीपाशी जायच्या आधी वाचा. मी उलटं केलं होतं.

आमच्याकडे बाबांची कास्ट आयर्न इंजिनची बुलेट 350 आहे. पॉइंटवाली, उजव्या बाजूला गिअर, हेडलाइटजवळ तो ॲम्पिअरचा काटा. एका सकाळी किक उलटी आली आणि बाबांच्या गुडघ्याला असा झटका बसला की पंधरा दिवस जिना चढताना कठड्याला धरत होते. कारण शोधलं तर डीकॉम्पची केबल लोंबत होती. लिव्हर पूर्ण दाबला तरी आत काही हलतच नव्हतं. मग मी, बीटेक झालेला मुलगा, पाना घेऊन बसलो आणि केबल मस्त ताणून टाकली. किक एकदम हलकी! आईसुद्धा मारेल इतकी. मी खूश. पुढचे दोन महिने गाडी चढावर दम टाकत होती, सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येत होता, आणि मी कार्ब्युरेटरला शिव्या घालत होतो. शेवटी हेड खोललं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची किनार कुरतडल्यासारखी जळलेली होती.

म्हणजे केबल ढिली राहिली तर पाय जातो, आणि ताणली तर व्हॉल्व्ह जातो. या दोघांच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटरची जागा आहे.

आधी किक जड का असते ते बघू. या इंजिनचा बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90 मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ काढा, साधारण 38.5 चौरस सेंटिमीटर येतं. नऊ सेंटिमीटरने गुणा, 346 सीसी. आता समजा कम्प्रेशनच्या शेवटी आत दर चौरस सेंटिमीटरला 7 किलोचा दाब आहे. म्हणजे पिस्टनवर जवळपास 270 किलोचा भार. किकला गिअरची मदत असते म्हणून आपण ते ढकलू शकतो, पण सिंगल सिलिंडर असल्यामुळे सगळा भार एकाच ठिकाणी, एकाच क्षणी येतो. बुलेटची किक आपण फिरवतो कमी, त्या एका टेकडीवर चढवतो जास्त.

डीकॉम्प त्या टेकडीला भोक पाडतो. लिव्हर दाबला की केबल खाली, इंजिनच्या उजव्या बाजूला टॅपेटपाशी असलेला एक छोटा आर्म ओढते, आणि तो आर्म एक्झॉस्टचा टॅपेट किंचित वर उचलतो. व्हॉल्व्ह थोडासा उघडतो, दाबलेली हवा सायलेन्सरकडे फुस्स करून निघून जाते, पिस्टन टेकडी ओलांडतो. बस, एवढंच. त्यात इलेक्ट्रिकल काही नाही.

पण डीकॉम्प गाडी चालू करायला नसतो, पिस्टन जागेवर आणायला असतो. इथेच नवीन लोक चुकतात. लिव्हर दाबून धरून किक मारली तर कम्प्रेशनच नाही, मग पेटणार काय? पद्धत अशी: चावी ऑन, न्यूट्रल. किक हळूहळू दाबत जायची, काट्याकडे बघत. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, पॉइंट उघडले की मध्यावर येतो. मध्यावर आला म्हणजे पिस्टन टेकडीच्या माथ्याजवळ. आता लिव्हर दाबा, किक अजून थोडीशी खाली न्या, म्हणजे पिस्टन माथा ओलांडतो. लिव्हर सोडा. किक वर येऊ द्या. मग पूर्ण, सलग, एकच किक. पिस्टनला पुढच्या टेकडीपर्यंत लांब पळ मिळते आणि चाकासारखा वेग येतो. माथा ओलांडलाच नाही तर अर्धवट वेगात स्पार्क आधी पडतो, पिस्टन मागे फेकला जातो, आणि तो झटका थेट तुमच्या गुडघ्यात. बाबांचं तेच झालं.

आता ताणलेल्या केबलचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हा इंजिनमधला सगळ्यात छळलेला भाग. जळता गॅस त्याच्या अंगावरून जातो. त्याची उष्णता जाते मुख्यतः सीटवर टेकल्यावर, सीटमधून हेडमध्ये. तवा ओट्यावर टेकवला की गार होतो, हवेत धरला की नाही, तसं. केबल ताणलेली असेल तर आर्म टॅपेटला केसभर वर धरून ठेवतो. व्हॉल्व्ह नीट टेकत नाही. गार व्हायला जागा नाही, वर प्रत्येक स्फोटाला त्या फटीतून आग निसटते. किनार जळते, फट मोठी होते, आणखी जळते. बाहेरून तुम्हाला काय दिसतं? किक हलकी झाली. ऑफिसमध्ये एरर मेसेज लपवून बग फिक्स केला म्हणणारा जो एक जण असतो ना, तो मी.

आता काम. इंजिन पूर्ण गार पाहिजे, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. चावी बंद. केबल वरपासून खालपर्यंत बघा. टाकीखाली चेपली आहे का, निपलजवळ तारा तुटल्यात का. दोन थेंब तेल सोडा. वरचा लिव्हर आणि खालचा आर्म दोन्ही सोडल्यावर आपोआप, पूर्ण मागे जायला हवेत. आर्म गंजून अर्ध्यात अडकत असेल तर ॲडजस्टमेंट करून काही उपयोग नाही, आधी तो मोकळा करा.

मग चेकनट सैल करून ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा. केबल मुद्दाम लोंबती करायची. कारण पुढचं काम टॅपेटचं आहे, आणि ताणलेल्या केबलवर टॅपेट सेट केला तर ते सेटिंगच खोटं येतं. हा क्रम कुणी सांगत नाही, म्हणून परत सांगतो: आधी केबल ढिली, मग टॅपेट, शेवटी केबल. टॅपेटचं झाकण उजव्या बाजूला सिलिंडरच्या पायथ्याशी आहे. थोडं ऑइल सांडेल, खाली फडका ठेवा. पिस्टन कम्प्रेशनच्या माथ्यावर आणा आणि दोन्ही पुशरॉड चिमटीत धरून फिरवा. बोटांनी आरामात फिरायला हवेत, पण खाली-वर खडखडायला नकोत. तसे नसतील तर टॅपेट सेट करा, पहिल्यांदा करत असाल तर कुणा जाणत्याला शेजारी बसवा.

झाकण लगेच लावू नका. एका हाताने एक्झॉस्टचा पुशरॉड फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने ॲडजस्टर हळूहळू बाहेर काढा. एका ठिकाणी रॉड जड होईल. तिथे आर्म टॅपेटला लागला. आता मागे या, रॉड परत मोकळा फिरेपर्यंत आणि लिव्हरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर रिकामा खेळ मिळेपर्यंत. ॲडजस्टर धरून ठेवून चेकनट आवळा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो. मग हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा आणि दोन्ही वेळा रॉड फिरवून बघा. सरळ हँडलला बरोबर असलेली केबल वळणावर ताणली जाऊ शकते. मी हे पहिल्या वेळी बघितलंच नव्हतं.

खात्री करायची असेल तर चावी बंद ठेवूनच, लिव्हर न दाबता किकवर उभे राहा. कम्प्रेशनवर किकने तुमचं वजन काही सेकंद पेलायला हवं, आणि मग हळूहळू खाली बसायला हवं. लगेच बसली तर केबल काढून तीच परीक्षा परत. केबल काढल्यावर वजन पेललं, तर दोष केबलचा. तरीही बसली, तर व्हॉल्व्ह, टॅपेट किंवा रिंग. माझी केबल काढल्यावरही बसली होती. उशीर झाला होता.

आणि खेळ बरोबर असूनही लिव्हर पूर्ण दाबल्यावर फुस्स येत नसेल, तर केबल लांबली आहे किंवा आर्म झिजला आहे. तिथे अजून ताणत बसू नका, केबल बदला. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून आठवड्याने एकदा परत बघा.

बाबांना डीकॉम्प दाबून इंजिन बंद करायची जुनी सवय आहे. मी चावीनेच बंद करतो, त्यावरून घरी अजून वाद चालू आहे. आणि यूसीई इंजिनची बुलेट असेल तर हा लिव्हर शोधू नका, तिथे हे काम आत आपोआप होतं.

पुढच्या भागात पॉइंटचा गॅप. फीलर गेज आणून ठेवा.