एका गाडीच्या पाच नोंदी

श्रोतेहो, उसाने भरलेली गाडी साखर कारखान्याच्या फाटकातून आत शिरली, की त्या उसाची नोंद किती ठिकाणी होते, हे आपण कधी मोजले आहे काय? चिटबॉयने फडातच चिठ्ठी केलेली असते. ही पहिली नोंद. वजनकाट्यावर भरल्या गाडीचे आणि मग रिकाम्या गाडीचे वजन होते, ही दुसरी. शेतकी विभागाच्या दप्तरात लागणीची तारीख, गट नंबर आणि उसाची जात असते, ही तिसरी. ऊस गव्हाणीतून चरकाकडे गेला, की सगळ्यांच्या उसाच्या मिश्र रसाची प्रयोगशाळेत तपासणी होते, ही चौथी. आणि शेवटी हिशेब खात्यात बिल तयार होते, ती पाचवी. गाडी एक, ऊस एक, शेतकरी एक. नोंदी मात्र पाच.

आता गंमत अशी, की या पाच नोंदी पुष्कळदा एकमेकींना ओळखतच नाहीत. फडातल्या चिठ्ठीवर जात लिहिली 'नीरा', शेतकीच्या दप्तरात 'को ८६०३२', आणि संगणकात कोणी नुसताच '८६०३२' हा आकडा टाकला. ऊस तोच! पण संगणकाला ते कोठून ठाऊक? त्याच्या लेखी या तीन जाती झाल्या. हंगामाअखेर 'या जातीने किती टनेज दिले' असे विचारले, तर उत्तर तीन तुकड्यांत येणार. तीच गोष्ट दिवसाची. कारखान्याचा दिवस सकाळच्या पाळीला बदलतो असे धरा, आणि कचेरीचा मध्यरात्री. मग मंगळवारी पहाटे तीनला आलेली गाडी एका वहीत सोमवारची आणि दुसरीत मंगळवारची. दोन्ही कारकून प्रामाणिक, दोन्ही वह्या बरोबर, आणि बेरीज मात्र जुळत नाही!

शिक्षक बंधुभगिनींना हा अनुभव नवा नाही. जनरल रजिस्टरात मुलाचे नाव एक, हजेरीपटावर दुसरे, परीक्षेच्या अर्जावर तिसरे. मुलगा एकच असतो, पण दाखला काढायच्या वेळी त्याच्या बापाला हेलपाटे घालावे लागतात.

यावर उपाय म्हणून उद्योगधंद्यांत आज एक पद्धत रुजते आहे. सर्व विभागांच्या माहितीला एकच चौकट द्यायची. एका वस्तूला सगळीकडे एकच नाव, एकच माप, एकच खूण. ही चौकट कशी चालते, ते आपण थोडक्यात पाहू.

समजा, कारखान्यात दहा विभाग आहेत, आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचे ठरवले. किती जोड्या होतील? पाटीवर गणित मांडून पाहा, पंचेचाळीस होतात. म्हणजे पंचेचाळीस ठिकाणी भाषांतर करणारा बसवायचा, आणि अकरावा विभाग निघाला, की आणखी दहा. त्याऐवजी सर्वांनी आपली बातमी एका मध्यवर्ती ठिकाणी द्यायची, आणि ज्याला हवी त्याने तेथून ती घ्यायची, असे ठरले तर दहा विभागांना दहाच जोडण्या पुरतात. रेडिओचे तरी काय आहे? केंद्रावरून बाजारभाव एकदा सांगितले जातात. ज्याला हवेत तो रेडिओ लावतो. घरोघर जाऊन सांगावे लागत नाही.

याच तत्त्वावर १९९९ साली एमक्यूटीटी नावाचा संदेशनियम तयार झाला. तेलाच्या लांबलचक नळमार्गांवरची उपकरणे उपग्रहामार्फत थोडक्या शब्दांत आपली खबर देऊ शकावीत, यासाठी तो होता. त्याआधी १९९६ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे, म्हणून ओपीसी नावाचा एक समाईक नियम निघाला होता. पुढे कारखान्याची यंत्रे आणि कचेरीचे हिशेब यांच्यातील माहितीची वाटणी कशी असावी, याचाही आंतरराष्ट्रीय नमुना ठरला. तेव्हा, मंडळी, यंत्रांना बोलते करण्याची सोय आहे. अडचण यंत्रांची फारशी उरलेली नाही. अडचण आहे ती शब्दांची.

'उतारा' हाच शब्द घ्या ना! तलाठ्याकडे उतारा म्हणजे सातबारा. कारखान्यात उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो आकडा. कारखान्यातही प्रयोगशाळा उसातल्या एकूण साखरेचा अंश सांगते आणि गोदाम प्रत्यक्ष पोत्यांत भरलेली साखर सांगते. बगॅस आणि मळी यांबरोबर काही साखर निघून जाते, म्हणून हे दोन आकडे कधीच सारखे नसतात. दोन्हींना एकच नाव दिले, तर तंटा ठरलेला.

आणि हा तंटा किती महाग पडतो पाहा. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचा यात ३,४६० रुपयांचा फरक होतो. शिवाय हा उतारा एकट्याच्या शेताचा नसतो. तो साऱ्या कारखान्याचा धरतात. एका आकड्यावर हजारो घरांचे बिल उभे असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. वह्या जुळत नाहीत म्हणून ते थांबले, तर त्याची झळ वहीला लागत नाही. ती सोसायटीचे कर्ज फेडणाऱ्याला लागते.

शब्द आणि माप न जुळल्याने काय होते, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. मंगळाकडे धाडलेले एक यान १९९९ साली तेथे पोहोचताच नष्ट झाले. एका गटाची संगणक-आज्ञावली धक्क्याचे माप पौंडात देत होती. दुसऱ्या गटाची ते न्यूटनमध्ये आहे असे धरून चालत होती. दोन्ही बाजूंना हुशार माणसे होती. पण हा आकडा कोणत्या मापातला, हे ताडून पाहावयाचे राहून गेले.

तेव्हा ज्या कारखान्याला ही चौकट आणावयाची आहे, त्याने यंत्र खरेदीच्या आधी चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली, नाव: प्रत्येक शेतकऱ्याला, गटाला, जातीला आणि यंत्राला एकच ओळखक्रमांक. दुसरी, माप: टन की क्विंटल, आणि दिवस कधी बदलतो. तिसरी, मालकी: कोणता आकडा कोणी द्यायचा. वजन फक्त काट्याने सांगावे, इतरांनी ते घ्यावे. स्वतःचे वेगळे लिहू नये. चौथी, दुरुस्ती: चूक सुधारायला हरकत नाही, पण जुना आकडा पुसायचा नाही. कोणी, कधी आणि का बदलला, हे दिसले पाहिजे. गुपचूप खाडाखोड कागदावर वाईट. संगणकात ती त्याहून वाईट, कारण तिथे डागही राहत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. चौकट एक झाली म्हणजे माहिती खरी झाली, असे नव्हे. काटाच खोटा असेल, तर पूर्वी एका वहीत राहणारे खोटे वजन आता एका क्षणात पाचही ठिकाणी पोहोचेल, आणि सगळीकडे जुळते म्हणून ते खरे वाटेल! म्हणून काट्याची वैधमापन खात्याकडून तपासणी, आणि शेतकऱ्याच्या हातात वजनाची पावती, या दोन गोष्टींना सुट्टी नाही.

हे सारे एका हंगामात होईल काय? आपला जुना अनुभव सांगतो, की घाई करू नये. एके काळी आपल्याकडे शेर आणि मण मुलखामुलखाला निराळे होते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. काही काळ आणे आणि नवे पैसे एकाच खिशात नांदले. लोक कुरकुरले, हिशेब करकरून शिकले, आणि मग शेर मागे पडला. कारखान्यानेही तसेच करावे. आधी वजनकाटा आणि हिशेब खाते या दोघांनाच जोडावे. एक हंगाम जुनी वही आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवावी, रोज संध्याकाळी दोन्ही ताडून पाहाव्यात, आणि जुळू लागल्या की मगच जुनी वही मिटावी. आणि वीस वर्षे ती वही लिहिणाऱ्या कारकुनाला या कामात प्रथम बोलवावे. कोणत्या गटाचे नाव दोनदा पडते, कोणता मुकादम जात चुकीची सांगतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. गावातली एक विहीर घ्यावी आणि पाच मुलांना तिची माहिती वेगवेगळी लिहून आणायला सांगावी. कोणी खोली फुटांत आणील, कोणी मीटरमध्ये, कोणी हातांत. नावेही दोन-तीन निघतील. मग पाचांनी बसून एकच नोंद तयार करावी. ती करताना जो वाद होईल, तोच कारखान्यातला वाद आहे, आणि तो मिटवण्याची रीतही तीच.

शेतकरी बंधूंना सांगणे एवढेच. पुढच्या खेपेस पावती हाती आली, की घडी घालून खिशात टाकण्यापूर्वी ती नीट वाचा. आपले नाव, गट नंबर, जात, वजन आणि वेळ पाहा. चुकले असेल तर तेथेच सांगा. पाच नोंदींपैकी जी आपल्या हातात येते, ती आधी खरी असू द्या.