लॅपटॉपला झोप कशी येते?

लॅपटॉप तसाच उघडा टाकून तुम्ही पोहे खायला पळालात. परत येऊन बघता तर पडदा काळा, पंखा गप्प. स्वारी गाढ झोपलेली! पण तुम्ही उठून गेलात हे त्याला कळलं कसं? कॅमेऱ्यातून डोकावत होता की काय? छे! गंमत म्हणजे, त्याला ते कळलेलंच नसतं. तो आपला अंदाज बांधतो.

लिनक्सवर, म्हणजे लॅपटॉपचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या एका प्रोग्रामवर, चालणारा लॅपटॉप घेऊ. लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली, फिनलंडमध्ये शिकत असतानाच लिनक्स लिहायला घेतलं. ते सगळ्यांना वाचायला खुलं आहे, त्यामुळे आत काय चालतं ते लपून राहत नाही.

तुम्ही एखादी कळ दाबता. लगेच लिनक्सकडे निरोप जातो: कोणती कळ, नेमकी कधी, आणि सोबत एक आकडा. दाबली तर 1, सोडली तर 0, दाबूनच धरली तर 2! माउस हलला, टचपॅडला बोट लागलं, तरी निरोप जातातच. निरोप आला की एक घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजू लागतं. ठरलेली मिनिटं निरोपाविना गेली, की लॅपटॉप म्हणतो, ‘इथे कोणी दिसत नाही बुवा!’ मनीमाऊ कीबोर्डवरून चालत गेली तरी घड्याळ शून्यावर. माणूस की मांजर, त्याला काय ठाऊक?

मग सिनेमा बघताना काय? तेव्हा तर आपण तासभर कशाला हात लावत नाही. म्हणून सिनेमा दाखवणारा प्रोग्रामच बजावून ठेवतो, ‘माझं चाललंय, झोपायचं नाही!’ सिनेमा संपला की ही मनाई उठते.

झोपायची वेळ झाली की आधी सगळे प्रोग्राम आहेत तिथेच थिजतात, मग एकेक भाग बंद होतो, शेवटी प्रोसेसरही. वीज मिळत राहते ती मुख्यतः रॅमला, म्हणजे चालू काम लक्षात ठेवणाऱ्या भागाला. रॅममधली माहिती म्हणजे इवलेइवले विद्युतभार, आणि ते गळक्या बादलीतल्या पाण्यासारखे सतत गळतात! साधारण 64 मिलिसेकंदांच्या आत ते पुन्हा भरावे लागतात. लॅपटॉप झोपला तरी रॅम हे काम करतच राहते. म्हणून तो जागा झाला की तुमचं अर्धं वाक्य जिथल्या तिथे सापडतं.

मात्र बॅटरी पार संपली तर रॅममधलं सगळं पुसलं जातं. तेव्हा पोह्यांकडे धावण्याआधी फाइल सेव्ह करा बरं!