सायगॉनच्या बेपत्ता मुली

एक मुलगी महानगरात येते. नोकरी करते, नातेवाइकांकडे राहते, हळूहळू कोणाच्या नजरेत भरेनाशी होते आणि एक दिवस नाहीशी होते. शहराचं काही अडत नाही. व्हायलेट कुपरस्मिथ यांच्या ‘बिल्ड युअर हाऊस अराउंड माय बॉडी’ या २०२१ सालच्या कादंबरीत मात्र सगळा काळ या मुलीच्या नाहीसं होण्यापासून मोजला जातो. ती बेपत्ता होण्याच्या इतके महिने आधी, इतकी वर्षं आधी, अशी प्रकरणं मांडलेली आहेत. कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुलीला लेखिकेने शकारंभाचा मान दिला आहे.

या मुलीचं नाव विन्नी. अर्धी व्हिएतनामी, अर्धी अमेरिकन. इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी ती सायगॉनला येते. १९७६ पासून या शहराचं अधिकृत नाव हो चि मिन्ह सिटी असलं, तरी लोकांच्या तोंडी सायगॉनच आहे. २००९ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या एकाहत्तर लाखांच्या वर गेली होती. २०११ मध्ये या गर्दीतून विन्नी नाहीशी होते. तिच्या आधी, १९८६ मध्ये, एका श्रीमंत घरातली किशोरवयीन मुलगी रागावलेल्या बापापासून पळताना रबराच्या ओसाड मळ्यात वाट चुकलेली असते. या दोघींना जोडणारा धागा म्हणजे ही कादंबरी.

कुपरस्मिथ यांची आई व्हिएतनाममधून निर्वासित होऊन अमेरिकेत आली. आजीकडून ऐकलेल्या भुतांच्या गोष्टी त्यांच्या ‘द फ्रँजिपनी हॉटेल’ (२०१४) या पहिल्या कथासंग्रहात उतरल्या. पुढे त्यांनी मेकाँगच्या खोऱ्यात इंग्रजी शिकवलं. दालात आणि सायगॉन या शहरांतही त्या राहिल्या. त्यामुळे या कादंबरीतली भुतं सजावटीसाठी आणलेली वाटत नाहीत. त्या मातीतल्या समजुतींचं पक्कं गणित त्यांच्यामागे आहे.

ते गणित असं. माणूस घरी, आपल्या माणसांत मेला, त्याचं दफन झालं, घरातल्या वेदीवर त्याला धूप मिळाला, की तो पूर्वज होतो. रस्त्यात, परमुलखात, अपघाताने किंवा हिंसेने मेला आणि देह सापडला नाही, तर तो भटकत राहतो. चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात अशा बेवारस आत्म्यांसाठी घराबाहेर पातळ पेज, मीठ आणि तांदूळ ठेवतात, कागदी नोटा जाळतात. स्वतःच्या पितरांसाठी आत मांडायचं आणि कोणाच्याच नसलेल्यांसाठी बाहेर, हा तिथला रिवाज आहे.

विसाव्या शतकात व्हिएतनाममध्ये बाहेर मांडायची पानं बेसुमार वाढली. अमेरिकेशी झालेल्या युद्धातले सुमारे तीन लाख व्हिएतनामी सैनिक आजही बेपत्ता मानले जातात. मानवशास्त्रज्ञ ह्योनिक क्वॉन यांनी ‘घोस्ट्स ऑफ वॉर इन व्हिएतनाम’ (२००८) या ग्रंथात दाखवलं आहे, की गावोगावचे लोक या भटक्यांना अन्न देताना मृताची बाजू विचारत नाहीत. शत्रूचा सैनिकही त्या घासाचा धनी असतो. याच श्रद्धेचं अमेरिकी सैन्याने हत्यार केलं. ‘वाँडरिंग सोल’ नावाच्या मोहिमेत मेलेल्या सैनिकाचा विलाप ध्वनिमुद्रित करून तो रात्री जंगलात ध्वनिक्षेपकांवरून ऐकवला जाई. समोरचे सैनिक घाबरून घराकडे वळावेत, हा हेतू.

कादंबरीतल्या रबराच्या मळ्याला त्याहून जुना इतिहास आहे. व्हिएतनाममध्ये रबराची लागवड रुजवणाऱ्यांत अलेक्झांडर येर्सां हे एक प्रमुख नाव. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधणारे आणि १८९७ च्या साथीत आपलं प्लेगविरोधी सीरम घेऊन मुंबईत आलेले हेच ते डॉक्टर. पुढे रबराला सोन्याचा भाव आला. उत्तरेतल्या गरीब शेतकऱ्यांना करारावर दक्षिणेच्या तांबड्या मातीत आणलं गेलं. मलेरिया, उपासमार आणि मुकादमांची मारहाण यांनी त्यातले कितीतरी परतलेच नाहीत. मजूरभरतीचा ठेकेदार बाझां याची १९२९ मध्ये हनोईत हत्या झाली. पुढच्याच वर्षी फु रिएंग इथल्या मिशलँ कंपनीच्या मळ्यात मजुरांनी उठाव केला. रांगेत लावलेली ती झाडं माणसांच्या हाडांवर वाढली आहेत, हे तिथल्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही.

कादंबरीत आणखी एक मुलगा आहे, फ्रेंच पुरुषांच्या मिश्रवंशीय मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळेत पाठवलेला. हेही इतिहासाला धरून आहे. वसाहतीच्या सरकारने आणि धर्मादाय संस्थांनी अशी मुलं आयांपासून तोडून वसतिगृहांत ठेवली. क्रिस्टिना फिर्पो यांच्या ‘द अपरूटेड’ (२०१६) मध्ये त्याची सविस्तर हकिगत येते. जमीन बळकावायची, श्रम बळकावायचे, लेकरंही बळकावायची. मग भूत अंगात शिरून देह बळकावतं, तेव्हा वाचकाला ते याच व्यवहाराचं पुढचं पाऊल वाटतं. या कादंबरीतलं खरं भय तिथे आहे.

श्रीमंत घरातली ती मुलगी मळ्यात वाट चुकते, ते १९८६ हे सालही महत्त्वाचं. त्याच वर्षी डिसेंबरात व्हिएतनामने ‘दोइ मोइ’ हे आर्थिक सुधारणांचं धोरण स्वीकारलं. अंधश्रद्धा म्हणून दडपलेले विधी त्यानंतर उघडपणे परतले. मातृदेवतांच्या उपासनेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. बाजार खुला झाला आणि देवऋषीही धंद्यात उतरले. कादंबरीत भुतं काढून देणारी एक कंपनीच आहे. रानाच्या कडेला असलेल्या एका शेतघरातल्या चमत्कारिक प्रकारांचा छडा लावायला तिचे लोक जातात आणि तिथून विखुरलेल्या कथा एकमेकींत गुंतू लागतात. एवढी पात्रं, एवढे काळ सांभाळताना वाचकाची दमछाक होते, हे खरं. पण शेवट गाठल्यावर एकही धागा वाया गेलेला नाही हे कळतं. २०२२ मध्ये ‘विमेन्स प्राइझ’च्या लांबयादीत या कादंबरीची निवड झाली, ती योग्यच होती.

दिवाळी अंकांनी मराठी वाचकाला गूढकथेची गोडी लावली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ती जोपासली. आपल्या गावकथांतही हडळ आहे, जखीण आहे. ती कशी दिसते, कोणाला धरते, कशाने जाते, हे आपण चवीने सांगतो. ती बाई जिवंतपणी कोण होती आणि तिच्यावर काय गुदरलं, हे फारसं विचारत नाही. कुपरस्मिथ यांनी नेमकं तेच विचारलं. जिची नोंद पोलिसांच्या वहीत, सरकारी दफ्तरात किंवा इतिहासाच्या पुस्तकात होत नाही, तिची नोंद लोकश्रद्धा ठेवते. भूतकथा हा त्या बाईचा उरलेला एकमेव जबाब असतो.

म्हणून दोन विनंत्या. ही कादंबरी मराठीत यावी. एखाद्या जाणत्या अनुवादकाने आणि प्रकाशकाने ते मनावर घ्यावं. आणि आपल्या गावच्या विहिरीची, पिंपळाची, बंद गिरणीची जी गोष्ट वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, ती लिहून ठेवा. गाव, सांगणाऱ्याचं वय, प्रसंगाचा काळ यांची नोंद करा आणि त्यातल्या बाईचं नाव विचारायला विसरू नका.