बाजूने टाकलेला उजेड

सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ठरली जर्मनीतल्या येना गावात, आणि तिला वळसा घालण्याची वाटही तिथेच निघाली. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन ठिपके कितीही उत्तम भिंगातून वेगळे दिसणार नाहीत, हे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडले. म्हणजे मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटरची. काचेला माणकासारखा रंग देणारे सोन्याचे कण त्याहून कितीतरी लहान, आणि रिचर्ड झिगमोंडी यांना नेमके तेच पाहायचे होते. १९०३च्या सुमारास त्यांनी झाइस कारखान्यातल्या हेन्री सीडेनटॉप्फ यांच्या साथीने अल्ट्रामायक्रोस्कोप घडवला. त्यात उजेड बाजूने येतो आणि भिंग काळोखावर रोखलेले असते. कवडशात धूळ चमकावी तसे कण चमकले. आकार कळला नाही, पण प्रत्येक कण वेगळा मोजता आला. झिगमोंडी यांना १९२५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आकार मग कळतो चालीवरून. द्रवात लहान कण जास्त भिरभिरतात. त्याचे गणित आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये दिले होते. आज लेसर, कॅमेरा आणि संगणक मिळून शेकडो कणांचा एकाच वेळी माग काढतात, तेही द्रवातच. नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना वाळवून निर्वातात ठेवावा लागतो.

अडचण वेगळीच होती. कणाचा व्यास दहापट घटला, की त्याने विखुरलेला प्रकाश दहा लाख पटींनी घटतो. त्यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. काचपट्टीवरून परतणारा प्रकाश अडथळा मानून गाळायचा नाही, उलट कणाच्या क्षीण प्रकाशात मिसळू द्यायचा. दोन्ही लहरींच्या व्यतिकरणातून मिळणारा संकेत हजार पटींनीच घटतो. वाहिद सांदोगदार यांच्या झुरिकमधल्या गटाने २००४ मध्ये असे ५ नॅनोमीटरचे सोन्याचे कण टिपले. २०१८ मध्ये फिलिप कुकुरा यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने याच तत्त्वावर एकेका प्रथिनाचे वस्तुमान मोजले, आणि त्यासाठी प्रथिनाला कसलाही रंग लावावा लागला नाही.

इथे कॅमेऱ्याला वेग हवा तो केवळ वेळ वाचवण्यासाठी नव्हे. संकेत पार्श्वभूमीच्या एका टक्क्याहूनही कमी असतो. कॅमेरा भराभर चित्रे घेतो, त्यांच्या सरासऱ्या एकमेकींतून वजा होतात, स्थिर पार्श्वभूमी पुसली जाते आणि काचेवर नुकताच उतरलेला रेणू उरतो. जितका जास्त प्रकाश गोळा होईल, तितका गोंगाट कमी.

तरीही ठिपका सगळे सांगत नाही. चिकटलेले दोन लहान कण आणि एक मोठा कण यांत तो सहज गल्लत करतो. म्हणून त्याच नमुन्याचा एक थेंब अजूनही वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.